तेलाचा हात

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडच्या पुष्कळ घरांत एक गोष्ट अजून घडते. एरवी वर्षभर घाईघाईने दोन तांब्ये अंगावर घेऊन कामाला पळणारी माणसे त्या दिवशी पाटावर स्वस्थ बसतात आणि दुसऱ्याच्या हातून अंगाला तेल लावून घेतात. मोठ्या माणसांच्या वाट्याला हा हात असा वर्षातून एकदा येतो. तान्ह्या मुलाच्या वाट्याला मात्र तो रोज येत असे. मला सांगायचा आहे तो या रोजच्या हाताचा इतिहास.

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, तह आणि तटबंदी उभी राहते. न्हाणीघरात पाय पसरून बसलेल्या बाईच्या हाताची बखर कोणी लिहिली नाही. पण त्या हातालाही इतिहास आहे. त्यात जय आहेत, पराभव आहेत आणि मेलेली माणसेही आहेत. फक्त ती माणसे फार लहान आहेत.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. एका कादंबरीत सुईणीचे पात्र आले, तिच्या हातांविषयी चार ओळी तरी खऱ्या लिहाव्यात म्हणून वाचायला बसले, आणि ते वाचन मला न्हाणीघरातून उचलून जर्मनी, अमेरिका, रुमानिया अशा मुलखांत घेऊन गेले. तिथे जे आढळले ते इतके विलक्षण होते की कादंबरीत ते मावेना. म्हणून हा लेख.

*

आरंभ आपल्या जुन्या वैद्यकापासून करते. चरकसंहितेत रोजच्या अभ्यंगाचे महत्त्व सांगताना तीन दाखले दिले आहेत. तेल मुरलेले मडके, तेलाने चोळलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस. हे तिन्ही जसे टणक होतात आणि झीज सोसतात, तसे तेलाने माणसाचे शरीर होते, असा त्याचा आशय. दाखले कुंभाराचे, चांभाराचे आणि गाडीवानाचे आहेत. शास्त्र लिहिणाऱ्याने आपली प्रमाणे कारागिरांच्या ओट्यावरून उचलली, हे मला फार आवडले.

तान्ह्या मुलाविषयी वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. प्रसूतीने शिणलेल्या मुलाच्या अंगावर बलातैल शिंपावे, असे तो म्हणतो. बला म्हणजे आपण जिला चिकणा म्हणतो ती वनस्पती. इथे शिणलेले कोण, तर मूल. बाळंतीण दमली हे सर्वांनाच दिसते. पण जन्माला येताना मूलही दमते आणि त्या दमण्यावर पहिला उपाय अंगावरून करायचा, हे वाग्भटाला सुचले. सुश्रुताने याहून पुढची गोष्ट सांगितली. मुलाला घ्यायचे ते त्याच्या अंगाला सुख होईल अशा बेताने घ्यावे, त्याच्यावर खेकसू नये, आणि झोपलेल्याला एकदम दचकवून उठवू नये. हाताचा आणि झोपेचा संबंध इतक्या जुन्या काळी एका दमात सांगितला गेला आहे.

एवढ्यावरून ‘आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते वाक्य आवडत नाही. या ग्रंथकारांनी मूल पाहिले, नीट पाहिले, आणि जे पाहिले ते लिहिले. मुलाचा मेंदू कसा वाढतो, त्या वाढीत झोपेचा वाटा काय, हे त्यांनी सांगितलेले नाही. जे त्यांनी म्हटले नाही ते त्यांच्या तोंडी घातल्याने त्यांचा मान वाढत नाही.

*

ग्रंथ पंडितांच्या घरी राहिले. मुलाला तेल लावले ते बायकांनी. तो विधी ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको, पण नव्या वाचकांसाठी थोडा लिहून ठेवते. बाई पाटावर बसून दोन्ही पाय सरळ पुढे पसरी आणि नडगीच्या खळगीत मूल उताणे निजवी. कोकणात खोबरेल, देशावर बहुधा तिळाचे तेल, ते कोमट केलेले. आधी टाळूवर तेल थापायचे. त्याला टाळू भरणे म्हणतात. मग छाती, पोट, हात, पाय. छातीवरून हात खांद्यांकडे जायचे, पोटावरून गोल फिरायचे. मग उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला भिडवायचा, आणि मूल पालथे करून पाठ चोळायची. त्यानंतर डाळीचे पीठ आणि साय, मग ऊनऊन पाणी, वेखंड-ओव्याची धुरी, आणि दुपट्यात गच्च गुंडाळणे. एवढे झाले की मूल दोनदोन तास हालत नसे.

घरातल्या बायकांना या सर्व खटाटोपाचे फळ विचारले असते तर त्यांनी हाडे बळकट होतात, अंग भरते असे काही सांगितले असते. पण त्यांना खरे हवे असलेले फळ झोप हेच असावे. मूल झोपले तर बाळंतीण जेवणार, आणि तिचाही डोळा लागणार. मुलाची झोप ही त्या घरातली सर्वांत दुर्मिळ वस्तू होती आणि ती मिळवून देणारी बाई म्हणून सुईणीला मान होता.

मान होता असे लिहिले, पण पेन अडते. ही सुईण कोण होती? बाळंतपण हा विटाळ, म्हणून ते काम गावोगाव ज्यांच्या माथी मारले त्यांत मांग समाजातल्या बायका पुष्कळ होत्या. ज्या बाईची सावली ओलांडून जायचे, तिच्याच हातात घरातला सर्वांत कोवळा जीव दहा-बारा दिवस द्यायचा, आणि सोयर फिटले की न्हाऊन, गोमूत्र शिंपून पुन्हा ती शिवायची नाही. मूल मात्र तोवर तिचाच हात ओळखू लागलेले असे. आपल्या समाजाने स्पर्शाची केवढी मोठी विद्या सांभाळली आणि स्पर्शाचाच केवढा मोठा अपमान केला, हे दोन्ही त्या एका न्हाणीघरात घडत होते.

सन १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते आणि त्या थंडीपावसात कुडकुडतात, हे तिने त्यात सांगितले आहे. दुसऱ्यांच्या मुलांना शेकशेगडी करणाऱ्या हातांच्या स्वतःच्या बाळंतपणाचे हे वर्णन आहे. तेलाच्या हाताचा इतिहास लिहिताना हे पान गाळता येत नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी, सन १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्याच घरी बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी तिथे गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल नेता आले तर न्यावे, नाही तर ठेवून जावे. पुढे १८७४ साली अशाच एका काशीबाईंचे मूल त्या दोघांनी दत्तक घेतले. तेच यशवंत. समाजाने ज्याला शिवायचे नाही असे ठरवले होते ते मूल सावित्रीबाईंनी मांडीवर घेतले.

*

त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत टाकलेल्या मुलांसाठी मोठमोठ्या संस्था चालल्या होत्या. तिथेही स्पर्शाची भीती वाढत होती, पण तिचे कारण निराळे होते. पाश्चर आणि कॉख यांनी रोगजंतू दाखवून दिले होते. हाताने रोग पसरतो हे खोटे नव्हते. अगदी खरे होते. आमची शिवाशीव आणि त्यांचे निर्जंतुकीकरण यांना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. एक अन्याय होता, दुसरे ज्ञान होते. पण ज्ञानाच्या मागोमाग ज्ञानाचा अहंकार आला आणि त्याने मुलाला एकटे टाकले.

न्यूयॉर्कचे बालवैद्य हेन्री ड्वाइट चॅपिन यांनी १९१५ साली अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांतल्या दहा अर्भकालयांची हकिकत मांडली. त्यांपैकी एक सोडून बाकी सर्व ठिकाणी दोन वर्षांखालची झाडून सारी मुले दगावत होती. हे वाक्य मी दोनदा वाचले. ही कत्तलीची जागा नव्हती. दानशूरांनी उभारलेली, स्वच्छ चादरींची अनाथालये होती. मुलांचा प्राण घेणारी कारणे अनेक होती. वरचे दूध नासके, जुलाब, गोवर, फुप्फुसदाह. आणि जंतुनाशक औषधांचा शोध अजून लागायचा होता. तेव्हा डॉक्टरांनी जंतूंवर उपाय केला. खाटा दूर नेल्या, मधे पडदे लावले, दाईंच्या तोंडाला फडकी बांधली, आणि मुलाला गरजेपुरतेच हात लावावा असा नियम केला. डॉ. हॅरी बॅकविन यांनी पुढे लिहिले आहे की या ओघात बाह्या लावलेली पेटीसुद्धा निघाली. मूल आत, दाई बाहेर, आणि माणसाचा हात जवळजवळ न लागता सारी उठाठेव.

जी सक्ती अनाथालयात होती ती हळूहळू घरातही आली. डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांचे मुलांच्या संगोपनावरचे १८९४ साली निघालेले पुस्तक अमेरिकेतल्या दोन पिढ्यांच्या आयांनी प्रमाण मानले. रडणाऱ्या मुलाला उचलू नये, पाळणा हलवू नये, सहा महिन्यांच्या आतल्या मुलाशी खेळूच नये, असा त्यांचा उपदेश. पुढे १९२८ साली मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी त्यावर कळस चढवला. मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका. फारच वाटले तर रात्री निजताना कपाळाला ओठ लावा आणि सकाळी हस्तांदोलन करा. पोटच्या पोराशी हस्तांदोलन! आपल्याकडच्या एखाद्या आजीला हे ऐकवले असते तर तिने वॉटसनसाहेबांचीच दृष्ट काढली असती.

पण या काळोखातही एक म्हातारी भेटते. बोस्टनचे डॉ. फ्रिट्झ टॅलबट पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला मुलांचे रुग्णालय पाहायला गेले होते. वॉर्ड स्वच्छ, टापटीप. त्यात एक जाडजूड वृद्ध बाई एका हाडकुळ्या पोराला कमरेवर घेऊन हिंडत होती. ही कोण, असे त्यांनी विचारले. रुग्णालयाचे प्रमुख म्हणाले, ही म्हातारी ॲना. एखाद्या मुलासाठी औषधपाण्याचे सगळे उपाय थकले आणि तरी ते धरेना, की आम्ही ते हिच्या हवाली करतो आणि हिला नेहमी यश येते. त्या मोठ्या रुग्णालयात अखेरचा उपाय म्हणून एक सुईणच ठेवली होती म्हणा ना! टॅलबटांच्या या आठवणीमुळे ॲनाचे नाव तरी राहिले. आडनाव राहिले नाही.

*

पालट व्हायला तिथून वीस-पंचवीस वर्षे लागली. बॅकविन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात मुलांचा विभाग पाहत होते. आत येण्यापूर्वी हात दोनदा धुवा, अशा पाट्या तिथे होत्या. बॅकविन यांनी पाटी बदलली. मूल उचलून घेतल्याशिवाय या दालनात येऊ नये, असा नव्या पाटीचा मथितार्थ. आश्चर्य असे की हात लागू लागल्यावर मुलांतली संसर्गाची दुखणी वाढली नाहीत, उलट उतरली. सन १९४२ मध्ये त्यांनी या विषयावर लेख लिहिला, त्याचे नावच ‘अर्भकांचे एकाकीपण’ या अर्थाचे आहे. अर्भकाला एकाकीपण असते हे वैद्यकाला तेव्हा नव्याने शिकावे लागले.

तीन वर्षांनी, १९४५ साली, रेने स्पिट्झ यांनी दोन संस्थांची तुलना प्रसिद्ध केली. एक अनाथालय होते; तिथे अन्न आणि स्वच्छता चोख, पण एकेका दाईकडे पुष्कळ मुले आणि खाटांच्या कडांना चादरी टांगलेल्या, त्यामुळे मुलाला वर छताखेरीज काही दिसत नसे. दुसरी संस्था म्हणजे तुरुंग. तिथल्या कैदी आया आपल्या मुलांना स्वतः वाढवीत. तुरुंगातली मुले वाढली, अंगाने भरली. अनाथालयातल्या ९१ मुलांपैकी ३४ दोन वर्षांत दगावली. उरलेल्यांतली पुष्कळशी धड चालू की बोलू शकत नव्हती. स्पिट्झ यांच्या मोजमापाच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले आणि त्यांतले काही रास्त आहेत. पण त्यांनी घेतलेले चलच्चित्र पाहिल्यावर आक्षेपांचा आवाज मंदावतो, असे ते पाहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे.

मग १९५८ साली विस्कॉन्सिनच्या हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांपुढे दोन खोट्या आया उभ्या केल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिलू भुकेपुरते तिकडे जाई आणि बाकीचा सारा दिवस कापडाच्या आईला बिलगून राही. हे प्रयोग निर्दय होते. ती पिले पुढे कधी धड झाली नाहीत. मूल दुधासाठीच आईला धरते हा समज मात्र त्या दिवशी संपला.

*

आता मूळ गोष्टीकडे, म्हणजे चोळण्याकडे येते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात सॉल शानबर्ग उंदरांच्या पिलांवर काम करीत होते. आईपासून दूर केलेल्या पिलांच्या शरीरातला वाढीचा रस घटे आणि वाढ थबके. दूध देऊन ती परत येईना, ऊब देऊनही येईना. आई पिलाला जशी जोराने चाटते तसे ओल्या कुंचल्याने त्याचे अंग घासले तेव्हा ती परत आली. म्हणजे वाढीचा हुकूम कातडीवाटे जात होता.

हे माणसाच्या मुलात पाहिले मायामीच्या टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सन १९८६ मध्ये त्यांनी दिवस न भरता जन्मलेल्या ४० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना दहा दिवस, रोज तीन वेळा, पंधरा पंधरा मिनिटे चोळले आणि त्यांचे हातपाय हलवले. दूध सर्वांना सारखेच. चोळलेल्या मुलांचे वजन रोज ४७ टक्के अधिक वेगाने वाढले आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. तोवर अशा नाजूक मुलांना हात न लावणे हाच रुग्णालयांचा शिरस्ता होता. फील्ड यांना पुढे असेही आढळले की हलक्या, गुदगुल्यांसारख्या हाताने लाभ होत नाही. हात बेताचा दाबून फिरावा लागतो. घट्ट हाताच्या सुईणीला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याच दशकाच्या थोडे आधी दोन गोष्टी घडल्या होत्या. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबॉये यांनी कलकत्त्याला शांतला नावाची आई रस्त्याकडेला मुलाला तेल लावताना पाहिली. त्यांनी तिच्या हातांची छायाचित्रे घेऊन १९७६ साली पुस्तक काढले. आज ब्राझीलमध्ये तान्ह्याला चोळण्याच्या रीतीलाच ‘शांतला’ म्हणतात. दुसरी गोष्ट कोलंबियातल्या बोगोटा शहरातली. तिथे काचपेट्या अपुऱ्या पडत आणि एकेका पेटीत दोन-तीन मुले ठेवावी लागत. १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती मुले आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारूची रीत म्हणून ती आज जगभर ओळखली जाते. गरिबीने शोधलेला हा उपाय पुढे श्रीमंतांच्या रुग्णालयांनी उचलला.

*

झोपेचे आणि मेंदूचे काय? इथे जपून बोलले पाहिजे, कारण तेलाच्या बाटल्या विकणारे जपून बोलत नाहीत.

नवे मूल दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते, पण त्याला दिवस-रात्र कळत नाही. रात्र झाल्याची वर्दी देणारा मेलाटोनिन नावाचा रस त्याच्या अंगात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास नियमाने स्रवू लागतो. इस्राएलमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात आयांनी सुमारे दहाव्या दिवसापासून दोन आठवडे, निजतेवेळी मुलांना चोळले. बारा आठवड्यांची झाल्यावर त्या मुलांच्या रात्रीच्या लघवीत या रसाचे प्रमाण इतरांहून जास्त भरले. हातामुळे मुलाला रात्र लवकर कळू लागली, असा याचा अर्थ. आपल्याकडे दिल्लीत २००० साली १२५ मुलांचा अभ्यास झाला. चार आठवडे चोळलेल्या मुलांची वाढ न चोळलेल्यांहून बरी झाली, चोळल्यानंतरची झोपही सुधारली, आणि तिळाच्या तेलाचा गुण उजवा ठरला.

मेंदूविषयी. जन्मलेल्या मुलाचा मेंदू पहिल्या वर्षात सुमारे दुप्पट होतो. पुन्हा आयुष्यात तो एवढ्या वेगाने वाढत नाही. गर्भात सर्वांत आधी जागे होणारे इंद्रियही स्पर्शाचेच. इटलीतल्या पिसा इथे २००९ साली दिवस न भरलेल्या २० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चोळलेल्या मुलांच्या मेंदूतल्या विद्युत्लहरी लवकर प्रौढ झाल्या आणि त्यांची दृष्टी लवकर स्थिरावली. माँट्रिआलच्या मायकेल मीनी यांनी दाखवले की जी उंदरीण पिलांना फार चाटते तिची पिले मोठेपणी संकटात कमी घाबरतात, आणि हा फरक त्यांच्या पेशींतल्या जनुकांच्या उघडझापीत नोंदलेला असतो.

याची उलटी बाजू रुमानियाने दाखवली. हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. न पोसता येणारी मुले सरकारी आश्रमांत जमा झाली. १९८९ च्या डिसेंबरात तो पडला तेव्हा अशी एक लाखाहून अधिक मुले जगाला दिसली. खाटांच्या गजांमागे, आपली आपण झुलणारी, आणि रडणे सोडून दिलेली. पुढे २००० सालानंतर अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्मी मुले चिठ्ठीने पालक-कुटुंबांत दिली. दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना घर मिळाले त्यांची बुद्धी आणि मेंदूच्या लहरी बऱ्याच सावरल्या; उशिरा गेलेल्यांच्या तितक्या नाहीत. त्या मुलांना केवळ स्पर्शाचे नव्हे तर बोलण्याचे, खेळण्याचे, माणसाचेच उपासमार झाले होते. म्हणून ‘तेल न लावल्याने मेंदू खुरटतो’ असे यावरून म्हणणे चूक. कोणी न घेतल्याने खुरटतो, एवढेच म्हणता येते.

आणखीही एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. निरोगी, दिवस भरलेल्या, घरात लाडाने वाढणाऱ्या मुलांवरच्या ३४ प्रयोगांची २०१३ साली झडती झाली. त्यांतले बरेचसे कच्चे निघाले. अशा मुलांना चोळल्याने मोठा फायदा होतो असे ठामपणे सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. मुंबईतल्या डॉक्टरांनी २००५ साली खोबरेल, खनिज तेल आणि नुसती पावडर लावून तुलना केली. दिवस न भरलेल्या मुलांचे वजन खोबरेलाने अधिक वाढले. पण मज्जासंस्थेच्या चाचण्यांत तिन्हींत फरक दिसला नाही. तेव्हा अमुक तेलाने मूल हुशार होते असे कोणी सांगू लागले तर आपले पाकीट सांभाळावे.

*

जुन्या रीतीत टाकण्याजोगेही पुष्कळ आहे, आणि ते सांगायला संकोच नको. नाकाकानांत तेलाचे थेंब सोडायचे. ते तेल श्वासावाटे छातीत उतरले तर फुप्फुसाला सूज येते. मुलाची स्तनाग्रे पिळायची. तिथे पू होतो. नाक सरळ व्हावे म्हणून ओढायचे. त्याने नाक सरळ होत नाही. धुरीचा धूर कोवळ्या छातीला घातक. मोहरीचे तेल कातडीचे संरक्षण दुबळे करते असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. या यादीत हात कुठेच नाही. हाताभोवती जे जमले होते ते टाकावे आणि हात ठेवावा, एवढाच याचा अर्थ.

आता सुईणी राहिल्या नाहीत. बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली, आणि ते योग्यच झाले; जुन्या बाळंतपणांत किती आया आणि किती मुले गेली हे विसरून हळहळणे बरे नव्हे. पण हात रुग्णालयातही यावा लागतो. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत पावणेदोन किलोंच्या आसपास आणि त्याहून कमी वजनाच्या ३,२११ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. पूर्वी अशी मुले आधी स्थिर होईपर्यंत आईपासून वेगळी ठेवीत. इथे निम्म्या मुलांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी दिले. २०२१ साली निकाल आला. वेगळी ठेवलेल्या शंभरांतली जवळजवळ सोळा मुले महिन्याच्या आत गेली. आईजवळच्या शंभरांतली बारा. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मधेच थांबवावा लागला, कारण पुढच्या मुलांना वेगळे ठेवणे हाच अपराध ठरला असता.

शंभरांत चार मुले. चॅपिन यांच्या त्या दहा संस्थांपासून इथवर यायला शंभर वर्षांहून अधिक लागली, आणि त्यासाठी आईला नवे काही शिकावे लागले नाही. डॉक्टरांना वाट सोडावी लागली.